भिंतीवरची मिनिटं

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्या कॉम्प्युटरचा प्लग ओढायचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि तो माणूस आमच्या घरातला नव्हता.

बरोबर साडेआठला कडी वाजायची. दारात आमच्या कॉलनीतले काका. पांढरा हाफ शर्ट, त्याला पुढून मोहरीएवढी दहा-बारा भोकं. ज्या खिशात माणसं पेन लावतात त्या खिशात काचेची एक जाड नळी. मनगटावर चावीचं घड्याळ, मुठीत खडूचा तुकडा. चपला बाहेर काढून "जय भीम" म्हणायचे, आणि सोफा, पंखा, चहा यांतल्या कशाकडेही न बघता थेट कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायचे.

"काही उघडं तं नाई नं त्याच्यात?" हा प्रश्न माझ्या बायकोला. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. किती योग्य होतं ते, हे पुढे येईलच.

कॉम्प्युटरवर काही काम उघडं नाही, याची खात्री झाली की काका वाकायचे आणि टेबलाखालच्या यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटायचे. लाईन गेली तर कॉम्प्युटर झटकन बंद पडू नये म्हणून जी बॅटरीची पेटी आपण घेतो आणि लगेच विसरतो, ती. पेटी टुंकन वाजायची. काका घड्याळात बघायचे.

"आता कोणी बोलाचं नाई. तिले बोलू द्या."

बॅटरी म्हणजे 'ती'. यूपीएस नुसता डबा, त्याला लिंग नव्हतं. कॉम्प्युटर आणि स्क्रीन चालू, बाकी सगळं बंद, आणि आम्ही नवरा-बायको आपल्याच घरात मुक्यानं उभे. दर काही सेकंदांनी एक टुंक. शेवटी टुंकटुंक घाईची झाली की काका म्हणायचे, "रडाले लागली," आणि लगेच प्लग परत लावायचे. पूर्ण मरू द्यायची नाही, हा नियम. मग खडूनं भिंतीवर, माझ्या ताज्या ऑइल पेंटवर, आकडा लिहायचे. अठरा. म्हणजे अठरा मिनिटं. लोक दाराच्या चौकटीवर लेकरांची उंची लिहून ठेवतात तसे आमच्या कॉलनीत घरोघरी बॅटऱ्यांचे आकडे होते. फरक इतकाच, की लेकरांचे आकडे वर चढतात.

काकांनी अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली होती, तीही बॅटरी रूममध्ये. छातीएवढ्या उंचीच्या बॅटऱ्यांच्या रांगा, त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजायचं, नळी बुडवून ॲसिडचा दम मोजायचा. शर्टाची भोकं त्या ॲसिडची. शर्ट नवे आले तरी भोकं कशी येत, हे मला कधी कळलं नाही. बहुतेक ते नवा शर्ट शिवला की आधी भोकं पाडून घेत असावेत. रिटायर होऊन अमरावतीत वलगाव रोडला घर बांधलं, तेव्हा ती काचेची नळी खिशातच राहिली.

"लोकाइचे लग्न जमले फोनवर, मयताचे निरोप गेले फोनवर," ते सांगायचे. "सारं माह्या बॅटरीवर. साऱ्या अकोल्याची लाईन गेली, पण डायल टोन कधी गेला नाई."

घरगुती यूपीएसची सीलबंद बॅटरी त्यांना मनातून पटत नव्हती. तिच्यात पाणी घालता येत नाही, नळी बुडवता येत नाही. "जिले तोंडच नाई, तिले 'कशी आहेस माय' कसं इचारायचं? मंग एकच रस्ता. उपाशी ठेवून पाह्यचं, किती वेळ दम धरते." म्हणून तो प्लग.

माझ्या बायकोनं यूपीएसवर क्रोशाचं विणलेलं झाकण घातलं होतं. पहिल्याच भेटीत काकांनी ते मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत उचललं. "बाई, तुमी मे महिन्यात शाल पांघरता काय?" त्या दिवसापासून यूपीएस उघडा आणि भिंतीपासून चार बोटं दूर. एकदा आमच्याच गल्लीत कुणाच्या घरी आम्ही सांत्वनाला बसलो होतो. कुणी बोलत नव्हतं, आणि आतल्या खोलीत कुठेतरी टुंक... टुंक... काकांच्या पायाची अस्वस्थता मला दिसत होती. शेवटी उठले, आत गेले, टुंक थांबली. परत येऊन हात जोडून म्हणाले, "तिचीबी वेळ झाली होती. बंद केली." घरच्या कर्त्या माणसाला हसावं की रडावं समजेना, आणि त्यानं दोन्ही केलं.

ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल! कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला. मी मराठीचा प्राध्यापक. कॉलनीतल्या कुठल्याही कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आणि काकांची नक्कल हा माझा हुकमी खेळ. ते वाकणं, ते घड्याळ, ती टुंक. टुंक तर मी अशी काढतो की लोक आपापला यूपीएस बघायला उठतात. याचा मला अभिमान होता, म्हणजे अजूनही थोडा आहे. लाज वाटते ती त्यामुळेच.

आता कुलर.

अमरावतीतला एप्रिलअखेरचा दुपारचा दीड. खिडकीबाहेर डांबर वितळतंय, मी एका गाइडसाठी प्रश्नोत्तरं टाइप करतोय, आणि लाईन जाते. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, पण शेजारचा टेबलाएवढा छोटा कुलर थांबतो. घामाचा थेंब की-बोर्डवर. माझ्या नजरेला यूपीएसच्या मागचं रिकामं सॉकेट पडलं. मला वाटलं, ही सोय कुणाला सुचली कशी नाही? कुलरचा प्लग तिथे खोचला. पेटी घोगऱ्या आवाजात गुरगुरली, पंखा फिरला, गार वाऱ्याची झुळूक आली. मी राजासारखा बसलो. बॅटरी रडायला लागली तेव्हा सॉकेटशेजारच्या भोकावर चिकटपट्टी लावली, म्हणजे रडणं ऐकू येईना. ती पुरती मरेपर्यंत मी वारा खाल्ला. त्या दिवसापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, लाईन गेली की हेच.

पहिल्या रविवारी सव्वाआठला मात्र मी कुलरचा प्लग काढून भिंतीत लावत होतो आणि चिकटपट्टी सोलत होतो. बायको चहा गाळता गाळता म्हणायची, "सांगून टाका त्यांना. ओरडतील आणि सोडून देतील."

"ओरडतील" हेच तर. पंचेचाळीस वर्षांचा प्राध्यापक मी, टेबलाखालच्या एका पेटीवरून मला रागावून घ्यायचं नव्हतं. बस, इतकंच कारण. याहून मोठं कारण सापडलं असतं तर मी आनंदानं लिहिलं असतं.

भिंतीवर आकडे उमटत गेले. एप्रिल, अठरा. मे, चौदा. जून, नऊ. जुलै, पाच.

पाच लिहिताना काकांचा खडू थांबला. "नवीन बॅटरी हाये सर. पोरगी हाये अजून. अशी कशी बसून राहिली?" घड्याळ कानाला लावून ऐकलं. यूपीएस उलटा करून वास घेतला. मागच्या भोकाशी चिकटपट्टीचा डिंक राहिला होता, त्यावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. रस्त्यावर काहीच नव्हतं.

ऑगस्टातही पाचच भरली, काकांनी नवा आकडा लिहिला नाही. त्यांना चैन पडेना. कॉलनीभर एकच विचारणा, "सरांची बॅटरी काहून बसली असंन?" समोरच्या घरात मॅडम राहतात, शाळेत शिकवतात, घरी त्या आणि त्यांची मुलगी दोघीच. त्या मला रस्त्यात म्हणाल्या, "सर, माझी जुनी झालेली अकरा मिनिटं धरते, आणि तुमची नवी पाच? तुमी करता काय तिचं?"

काहीतरी उत्तर देणं भाग होतं. आणि पंधरा ऑगस्ट जवळ आला होता.

झेंडा झाला, पोहे आणि लालभडक तर्री सगळ्यांच्या हातात आली, आणि मी पायरीवर चढलो. आधी नेहमीचं वाकणं, नेहमीची टुंक. मग नवी भर घातली. "आता समजा, मी तुमचं नाक दाबलं. घड्याळ लावलं. किती मिनिटं जगता ते भिंतीवर लिहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा दाबलं. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. पैलवान का असेना, चौथ्या महिन्यात भिंतीवर काय लिहावं लागेल? भावपूर्ण श्रद्धांजली!"

काय हशा झाला! लोकांच्या पोह्यांतली तर्री एकमेकांच्या अंगावर सांडली. काकाही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी खाली उतरलो तेव्हा ते प्लेट घेऊन माझ्याजवळ आले. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"सर, खरंच असं होत असंन काय? माह्या तपासण्यानंच बसत असंन ती?"

इथे थांबून मला सांगायचंय की तेव्हा एकही प्रेक्षक नव्हता. टाळ्या नव्हत्या. मी "नाही हो, गंमत" म्हणू शकत होतो. "काका, कुलर" एवढे दोन शब्द पुरे होते.

मी म्हणालो, "होऊ शकतं, काका."

त्यांनी मान हलवली. "आमच्या बॅटऱ्याले पाणी होतं. ह्या बिनपाण्याच्या. मले काय समजते यातलं."

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कडी वाजली नाही. मी नऊपर्यंत झोपलो, आणि छान झोप लागली.

काकांनी कुणाच्याच घरी प्लग ओढला नाही. कुणी बोलावलंही नाही. आमची कॉलनी सुशिक्षित, आम्ही एकमेकांना जात विचारत नाही, जयंतीला आणि गणपतीला एकमेकांकडे जेवतो. पण दोन वर्षं ज्यांच्या हातात आपले आकडे बिनधास्त दिले, त्या काकांच्या हातानंच वाटोळं होतं यावर एका विनोदात सगळ्यांचा विश्वास बसला. इतका चटकन. माझ्याबद्दल असा विनोद झाला असता तर विश्वास इतक्या चटकन बसला असता का, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो आणि उत्तर मला माहीत आहे.

डिसेंबरात मॅडमच्या मुलीची नोकरीची मुलाखत होती, ऑनलाइन, सकाळी अकराला. मुलाखत सुरू झाली आणि लाईन गेली. यूपीएस दोन मिनिटं टिकला. बॅटरी इतकी फुगली होती की डब्यातून निघेना. पहिल्या रविवारचा रिवाज चालू असता तर ऑक्टोबरातच काका म्हणाले असते, "हिचं झालं, बदला." फोनवरून जोडणी करून मुलगी परत पडद्यावर पोचेपर्यंत पलीकडच्या साहेबांनी पुढचा उमेदवार घेतला होता. ती नोकरी तिला मिळाली नाही.

दुपारी काका विचारपूस करायला गेले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. मॅडमचा आवाज रस्ता ओलांडून आला. "तुमीच तं नाक दाबू दाबू मारली तिले, काका! आता कायले आले?"

वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. आणि काका अंगणात हात जोडून उभे होते. "चुकलं, बाई. माहं चुकलं."

मी ओला टॉवेल तसाच हातात घेऊन आत आलो. बायकोनं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाळत घालायला गेली.

फेब्रुवारीत काका घर बंद करून अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. जाताना खडूचा डबा आमच्याकडे देऊन गेले. "सरांच्या कामाले येईन," असं बायकोला म्हणाले. कॉलेजात आता पांढरे बोर्ड आणि मार्कर आहेत. पण हे त्यांना कोणी सांगावं?

एप्रिलमध्ये बायकोनं माळ्यावरून कुलर काढायला लावला. तो पुसता पुसता म्हणाली, "यंदा याला कुठं लावणार?" मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसलो. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. सगळा रस्ता मी भाषणाची तयारी केली. सुरुवात हलकीफुलकी, मध्ये थोडा गहिवर, शेवटी क्षमायाचना. पक्कं पाठ.

काका खुर्चीत पेपर वाचत होते. शर्टाला भोकं नव्हती. खिशात पेन होतं. मी बसलो, पाणी आलं, आणि तेवढ्यात लाईन गेली. आतल्या खोलीत यूपीएस वाजला. टुंक.

काका उठले नाहीत.

टुंक. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

"काका, वाजतोय."

"जावई पाह्यतात थे."

माझं भाषण कुठे गेलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "काका, मी कुलर लावला होता. यूपीएसवर."

पेपर खाली आला. "कुलर?"

"हाव."

"कवापासून?"

"एप्रिलच्या शेवटापासून. जूनपर्यंत. लाईन गेली की रोज."

"अन् रडे तवा काय करत होते?"

"भोकाले चिकटपट्टी लावत होतो."

ते काहीतरी पुटपुटत बोटांवर मोजायला लागले. "अठरा. चौदा. नऊ. पाच." मग मान वर केली, आणि चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. राग नव्हता तो, समाधान होतं. "बराबर बसते! असंच उतरन. कुलरनं असंच उतरन!" लगेच ते मावळलं. "मी घड्याळ दोन डाव दुरुस्तीले टाकलं, सर. डोये तपासले. डॉक्टर म्हणे डोये चांगले हायेत. मंग मले वाटलं हातच खराब झाले."

"काका, तुम्ही तर बॅटरीवाले. तुम्हाला पटलं कसं, तपासण्यानं बॅटरी मरते हे?"

"तुमी सांगितलंच इतकं झकास," ते म्हणाले. "मलेच पटलं."

आतली टुंक घाईची झाली, मग अखंड, मग थांबली. जावई घरात नव्हते. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

मी क्षमा मागितली. समोरचा स्टेशनचं नाव चुकीचं सांगत असताना ऐकावं, तशी काकांनी ती ऐकून घेतली. "मले सांगून काय होते? कॉलनीत सांगा. जिथं बोलले होते, तिथंच सांगा." मग चहा मागवला आणि बशीत ओतून पिताना पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाले, "कुलर. हात् तिच्या."

आणि मी सांगितलं. खरंच सांगितलं. पंधरा ऑगस्ट, तेच पोहे, तीच पायरी. मी म्हणालो, काकांची काही चूक नव्हती, बॅटरी मी मारली. कुलर कसा लावला ते सांगितलं. चिकटपट्टी सांगितली. इथवर सगळं ठीक होतं. पण त्या गोष्टीत बॅटरी रडते, आणि बॅटरी रडते म्हटल्यावर माझ्या तोंडानं आपोआप टुंक काढली. चिकटपट्टीखालची, दबलेली टुंक. हुबेहूब जमली.

लोक लोटपोट हसले. टाळ्या झाल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, चिकटपट्टीवाली पुन्हा एकदा!"

"खरं सांगतोय मी," मी म्हणालो. त्यावर आणखी हसले.

फक्त मॅडम आणि त्यांची मुलगी हसल्या नाहीत. मुलगी प्लेट ठेवून घरी गेली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी साडेआठला मी समोरच्या घराची कडी वाजवली. मनगटावर घड्याळ, मुठीत काकांच्या डब्यातला खडू. मॅडमनी दार उघडलं, घड्याळ पाहिलं, खडू पाहिला.

"काहून सर? आता तुमी नाक दाबाले आले काय?"

मी चपला बाहेर काढल्या. त्या बाजूला झाल्या. मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. "काही उघडं तर नाही ना?" मी विचारलं. तिनं उघडं होतं तेवढं काम बंद केलं आणि खुर्ची मागे घेतली. मी वाकून प्लग ओढला.

सतरा मिनिटं कोणी बोललं नाही. माझ्यासारख्या माणसानं सतरा मिनिटं, दोन माणसं समोर असताना, तोंड मिटून उभं राहणं म्हणजे काय ते माझ्या बायकोला विचारा. रडायला लागली तसा प्लग लावला. भिंतीवर काकांच्या अक्षरातला अकरा अजून होता. त्याखाली मी सतरा लिहिलं.

रस्त्यावर येऊन अकोल्याला फोन लावला.

"जय भीम, बोला."

"काका, मॅडमकडची नवी बॅटरी. सतरा."

"स्क्रीन चालू होती?"

"हाव."

"मंग बराबर हाये." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दर पहिल्या रविवारी मी चार घरं करतो आणि चार आकडे कळवतो. काका स्क्रीनचं विचारतात, उष्णतेचं विचारतात, गेल्या महिन्यात अमक्याकडे सोळा होते, आता पंधरा का, ते विचारतात. आमच्या घरचा आकडा मात्र त्यांनी आजवर विचारलेला नाही. भिंतीवर अठरा, चौदा, नऊ, पाच तसेच आहेत. बॅटरी मी कधीच बदलली, ती अठरा धरते. पण तो अठरा त्या पाचाखाली लिहायला खडू उचलला की वाटतं, आधी त्यांनी विचारावं.